एक माप मोठ्या बांगड्या

अक्काबाई कासारीण शिरली नाही असं घर सायखेड्यात नव्हतं. हात आधी चेपून चेपून मऊ करायची, मग काच अशी चढवायची की बोचायची नाही. तोंडाने गावभरच्या खबरा चालूच. इंदिरा लग्न होऊन गावात आली, तेव्हापासून तिच्या हातात दुसऱ्या कोणी बांगडी भरली नव्हती.

अठ्ठ्याण्णवच्या पावसाळ्यात गावात डोळे यायची साथ आली. इंदिराचा भाचा विहंग नाशिकला कॉम्प्युटर शिकत होता. साथ माणसामाणसांतून कशी पसरते, ते कॉम्प्युटरवर मांडायचं त्याने घेतलं होतं. आत्याला पुढे घालून तो घरोघर हिंडला. तुमच्याकडे कोण कोण येतं? माणूस म्हणजे ठिपका, येणंजाणं म्हणजे रेघ. एका ठिपक्यातून इतक्या रेघा निघाल्या की कागदावर तो कोळ्यासारखा दिसायला लागला.

सरपंचांनी मारुतीच्या देवळात सभा बोलावली. विहंगने कागद भिंतीला लावला. नावं मुद्दामच लिहिली नव्हती.

"या एका माणसाला आधी जपा. औषध द्या, साबण द्या, म्हणजे—"

"एवढ्या घरांत जातंय कोण?" मागून कुणीतरी ओरडलं. "आपली कासारीण की! हीच वाटत फिरती व्हय डोळे!"

देऊळ हसलं. इंदिराही हसली.

दुसऱ्या दिवसापासून अक्काबाईला दारं बंद झाली. तिचे स्वतःचे डोळे आलेसुद्धा नव्हते. ऐन श्रावणात बायका नाशिकहून डझनाने बांगड्या आणून साबण लावून आपल्या आपण चढवू लागल्या. पुढे साथ गेली, पण ती सवय राहिली.

दिवाळीला विहंग आला तो पडलेल्या चेहऱ्याने.

"आत्या, तो ठिपका काढून साथ कॉम्प्युटरवर पुन्हा चालवून पाहिली. अक्काबाई नसत्या तरी साथ तेवढीच पसरली असती. शाळेत पोरं एका बाकावर बसतात ना."

"मग हे आधी का नाही पाहिलंस?"

"रेघा मोजल्या. ठिपका काढून बघायचं सुचलंच नाही."

"सरपंचांना सांगितलंस?"

"ते म्हणतात, साथ गेली, आता कशाला उकरता?"

इंदिरा तशीच उठली आणि अक्काबाईच्या घरी गेली. विहंगने सांगितलं ते सगळं तिला सांगितलं. अक्काबाईने ऐकून घेतलं.

"आता मला सांगून काय उपेग, वहिनी? देवळात सांगायचं व्हतं."

इंदिराने हात पुढे केला. "भर ना."

अक्काबाईने पेटी उघडली, हिरव्या बांगड्या काढल्या आणि इंदिरासमोर जमिनीवर ठेवल्या. "घाला तुमच्या तुम्ही."

"माझं माप विसरलीस?"

"समद्या गावाची मापं पाठ हायेत मला. एक माप मोठं दिलंय. हात धरायला नको."

बांगड्या सहज चढल्या. बांगड्या भरल्यावर कासारणीच्या पाया पडायची रीत, म्हणून इंदिरा नमस्काराला वाकली, तर अक्काबाईने पाय मागे घेतले.

घरी जाताना इंदिराने पदर सावरायला हात वर केला. बांगड्या घसरून कोपरापर्यंत आल्या.