बुचाने बिघडलेली बाटली

वीणाने चौथ्या ग्लासात कियांती वाइन ओतली आणि बाटलीचं तोंड रुमालाने टिपलं.

"या वेळी टेस्टिंग मी लीड करू का?" राजीवने विचारलं. "तू नुसती बस."

"नाक गेलंय राजीव, जीभ आहे."

हिवाळ्यातल्या तापात तिची वासाची जाणीव गेली ती परतलीच नव्हती. डब्लिनमधल्या या घरी महिन्यातून एका रविवारी दुपारी वाइन चाखायला जमायचं, हे तिनेच निवृत्तीनंतर सुरू केलेलं. जुन्या पद्धतीच्या इटालियन रेड वाइन तिच्या विशेष आवडीच्या. ती ग्लास फिरवून एखादा वास सांगायची आणि मग बाकीच्यांनाही तोच यायला लागायचा.

तिने घोट घेतला.

"आंबट. शेवटी जरा कडू. वासाचं तुम्ही सांगा."

बाकीच्या तिघांनी एकेक घोट घेऊन ग्लास खाली ठेवले.

"चेरी," राजीव म्हणाला.

"हो, चेरीच," त्याची बायको कांचन घाईने म्हणाली. "मस्त आहे गं."

"छान आहे," सुमंतने वीणाचा नवरा म्हणून भर घातली.

राजीव मुलाच्या नव्या घराबद्दल बोलू लागला. कांचनने बिस्किटं खाल्ली, वर पाणी प्यायली. वीणा ग्लासांकडे बघत होती. पॅथॉलॉजीत जन्म काढलेला. समोर दिसतंय ते न दिसल्यासारखं करणं तिला जमत नसे.

"खराब आहे ना?" ती म्हणाली.

"काय?"

"वाइन. बुचाने बिघडलीय, त्यातल्या बुरशीने. एका घोटानंतर कोणी हात लावला नाही. कांचन, कसला वास येतोय?"

कांचनने आधी सुमंतकडे पाहिलं.

"ओल्या पुठ्ठ्याचा. बेसमेंटमध्ये पाणी शिरल्यावर येतो तसा. तुला वाईट वाटेल म्हणून..."

"बाटली खराब निघाली तर मला का वाईट वाटेल? मी केलीय का ती?"

चारही ग्लास उचलून ती स्वयंपाकघरात गेली आणि सिंकमध्ये उपडे केले. सुमंत मागोमाग आला.

"एरवी आपल्या दोघांतही हेच चालतं?" तिने विचारलं.

त्याने नळ सोडला, एक ग्लास विसळला.

"परवाची आमटी करपली होती."

"तू दोनदा वाढून घेतलीस."

"हं."

"आणि दूध?"

"ते मी तू उठायच्या आधी बघतो. नासलं असलं तर टाकून देतो."

वीणाने हात पुसले. बरोलो या दुसऱ्या इटालियन वाइनची बाटली काखेत मारली, कोरडे ग्लास घेतले आणि बाहेर आली. राजीव जॅकेट घालत होता.

"निघतो आम्ही. तू दमली असशील."

"बस खाली."

तिने बूच काढलं, थोडी वाइन ओतली आणि ग्लास सुमंतच्या हातात दिला.

"आधी तू. आणि खरं सांगायचं."

"मला काय कळतं यातलं? इतकी वर्षं तू म्हणशील त्याला मी हो म्हणत आलोय."

"म्हणूनच."

सुमंतने वास घेतला. पुन्हा घेतला. राजीव नुसत्या ओठांनी काहीतरी सुचवत होता, पण सुमंतने डोळे मिटले होते.

"गुलाबाचा हार," तो अखेर म्हणाला. "ताजा नाही. दुसऱ्या दिवशीचा, सुकत आलेला. आणि... हसू नका. डांबर."

कोणी हसलं नाही.

"चांगलं वाटतंय की वाईट?" वीणाने विचारलं.

"ठरवता येत नाहीये. पण आहे."

वीणाने आपल्या ग्लासात ओतली, घोट तोंडात घोळवला. हिरड्या आवळल्या, जीभ कोरडी पडत गेली. ते सगळं होईपर्यंत ती थांबली.

"तुरट," ती म्हणाली. "चांगली सणसणीत. पुढच्या महिन्यातही इथेच जमायचं. वासाचं सुमंत सांगेल."

सुमंतचं लक्ष नव्हतं. ग्लासात नाक घालून तो अजून काहीतरी शोधत होता.