रंजीताच्या दाराचं कुलूप

मी कुलूप बोलतोय. खरं तर स्वतःला कुलूप म्हणवून घ्यायचीही मला लाज वाटायची, कारण मी कधी कुठे लागलोच नव्हतो.

लग्नानंतर प्रफुलने मला चंद्रपूरच्या बाजारातून आणलं आणि गावच्या घरात दारामागच्या खिळ्याला चावीसकट टांगलं. पुढे आदेशचा जन्म झाला. पोरगा गोड, पण गर्दी, भोंगे त्याला सोसत नसत. घाबरला की किंचाळायचा, हाताला लागेल ते भिरकावायचा. लोक म्हणत, आईनेच लाडावून ठेवलाय. मग त्याच्या आईने, रंजीताने, लग्नं, बारशी, माहेर सगळं सोडलं. घरात कायम माणूस, मग कुलपाला कोण विचारतो?

एका दुपारी शहजादीबाई आल्या. दवाखान्यात प्रफुलशी ओळख झालेली. त्यांचा मुलगा मोहसीनही असाच, म्हणून अशा मुलांच्या आयांना त्या एकत्र जमवत. आदेशने नेमका तेव्हाच चहाचा कप फेकला. रंजीताला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

"माह्या घरी तं एक बी कप नाई उरला," बाई शांतपणे म्हणाल्या. "आमी स्टीलच्या गिलासात चाय पितो."

रंजीता हसली. किती वर्षांनी हसली! ज्याचं जळतं त्याला कळतं, दुसरं काय.

मग दर मंगळवारी आमच्याच ओसरीवर त्या आया जमू लागल्या. औषधं, शाळेतल्या तक्रारी, रडणं, आणि रडण्याहून जास्त हसणं.

दिवाळीनंतर गावची मंडई, म्हणजे जत्रा, भरली.

"तुमी जा. तो घाबरला तं लोक पायतील," रंजीता म्हणाली.

"पाहू दे," शहजादीबाई म्हणाल्या. "आमी साऱ्या तुह्या भवताल बसतो. नाईच जमलं तं साऱ्याच वापस येऊ."

प्रफुलने मला कडीत अडकवून खटकन दाबलं. लागलो एकदाचा! त्यांना अर्ध्यातून परतावं लागू नये म्हणून मी दुपारभर देव पाण्यात घालून बसलो होतो.

सगळी दिवस कलताना परतली. ढोल वाजताच आदेश किंचाळला होता म्हणे. आया त्याच्याभोवती गोल करून बसल्या. शांत झाल्यावर त्यानेच झुला मागितला. तोंड अजून जिलबीने चिकट होतं.

प्रफुल खिसे चाचपू लागला. चावी आत, खिळ्यालाच!

"कुलूप लावाची सवयच नाई ना आपल्याले," म्हणत रंजीता हसून हसून पायरीवरच बसली. शहजादीबाईंनी दगड आणला. खुशाल फोडा म्हटलं मी.

"नवं दोन चाव्यांचं आणा," रंजीता प्रफुलला म्हणाली. "एक चावी बाईपाशी राहू दे."

आता मी भंगाराच्या डब्यात आहे. तुमच्या शेजारी कधीच कुलूप न लागणारं दार असेल, तर जरा जाऊन बसा तिथे. माझी काळजी नको. आज आठवडी बाजार आहे, नवं कुलूप दाराला लागलंय आणि घरात कोणीच नाही.