गावपंचायतीच्या निवडणुकीत सापडलेली कढई

मी एक जुनी बिडाची कढई आहे. माझ्यात एका वेळी शंभर माणसांचा पुलाव शिजतो. मित्रांनो, मला ओतले ते किर्गिझस्तानातल्या एका भट्टीत. तिथून मी नारीन नदीकाठच्या सामुदायिक शेतावर आले. मेंढ्यांची लोकर कातरायच्या दिवसांत उल्कान माझ्यात मजुरांचे जेवण रांधायची. पुढे शेत बंद पडले आणि उल्कानच्या थकलेल्या पगारापोटी मीच तिच्या घरी गेले.

"पगाराऐवजी लोखंड आणलंस?" नवरा म्हणाला.

"लोखंड नाही, धंदा आणलाय," ती म्हणाली.

खरेच, तिने माझ्या जिवावर गावातल्या लग्नांची जेवणे रांधली, आपली मुले शिकवली. गावात सगळे तिला एजे, म्हणजे थोरली ताई म्हणू लागले. पुलाव संपला की लोक माझ्या तळाची खरवड मागून खात. त्या कौतुकाने मी फुगून जाई.

मग गावपंचायतीची निवडणूक आली. मेदेरबेक दुकानदार आणि तोकॉन नावाचा गुरांचा डॉक्टर असे दोघे उभे होते. शाळेतले जुमाली मास्तर निवडणूक समितीवर होते. त्यांनी सभेत नियम सांगितले. प्रत्येक उमेदवाराने बँकेत प्रचाराचे वेगळे खाते उघडायचे. पैसे कोणी दिले ते तिथे लिहायचे, खर्च तिथूनच आणि ठरलेल्या मर्यादेत करायचा. मतदारांना जेवणे, भेटवस्तू द्यायच्या नाहीत. तोकॉनने घोडा विकून ते पैसे खात्यात भरले आणि पत्रके छापली.

एके दिवशी मेदेरबेकचा माणूस सापार आला.

"एजे, रविवारी शंभर पानं. माझ्या आजोबांच्या नावाचं जेवण आहे."

"तुझे आजोबा भर हिवाळ्यात गेले की रे! गोठलेल्या जमिनीत कबर खणताना पहार वाकली होती. आता तर जर्दाळू पिकलेत, मग हे कसलं वर्षाचं जेवण?"

"तुम्हाला दुप्पट पैसे मिळतील. कशाला खोलात शिरता?"

घराचे छत गळत होते. उल्कान खोलात शिरली नाही.

रविवारी लोक पोटभर जेवले. मग मेदेरबेक माझ्या शेजारी उभा राहून म्हणाला, "खाल्लंत ना? मग मतदानाच्या दिवशी विसरू नका!" आजोबांचे नावसुद्धा कोणी काढले नाही. उल्कानने झारा खाली ठेवला.

दोन दिवसांनी तक्रार झाली. मेदेरबेकच्या खात्यात नुसता पत्रकांचा खर्च होता, पुलावाचा पत्ताच नव्हता. मास्तर एकेकाला विचारत गेले. सगळे म्हणाले, आजोबांचे जेवण होते. शेजारीण बातमा तर डोळेही पुसत होती.

शेवटी मास्तर आमच्या अंगणात आले. सापार कुंपणाशीच उभा होता.

"एजे, पुलाव कोणाचा होता?"

उल्कानने माझ्या काठावर हात ठेवला. मग म्हणाली, "मतांचा होता, मास्तर. मला तेव्हाच कळलं होतं, तरी मी रांधला. लिहून घ्या, सही करते."

"घर कसं चालवता ते बघतोच," सापार जाता जाता म्हणाला.

मेदेरबेकचे नाव उमेदवारांच्या यादीतून निघाले. तो कोर्टात गेला, तिथेही हरला. पण त्यानंतर उल्कानला कोणी बोलावेना. त्या शरदातली लग्ने शेजारच्या गावच्या कढईत झाली. मी भिंतीशी पालथी पडले, बर्फाखाली गेले. माझ्या अंगावर गंज चढला. छत तसेच गळत राहिले.

वसंतात बातमा आली. बराच वेळ दारातच घुटमळली.

"एजे, मुलीचं लग्न आहे. रांधाल का?"

"तांदूळ कोणाचा?" उल्कानने विचारले.

"आमचाच हो! शेवटच्या दाण्यापर्यंत आमचाच."

दोघी हसल्या आणि बातमाला रडू आले. मग बाह्या सरसावून दोघींनी मला वाळूने घासले, चरबी लावून तापवले.

मित्रांनो, बिडाच्या भांड्याला रोज हात लागला तर ते शंभर वर्षे टिकते, आणि एक हिवाळा दुर्लक्ष झाले की गंजते. निवडणुकीचेही तसेच आहे. उद्या कोणी तुमच्यासमोर फुकटचे ताट मांडले, तर घास उचलण्याआधी विचारा, हा खर्च कोणाचा? उल्कानने ते उशिरा विचारले. तुम्ही वेळेवर विचारा.