निरंक रविवार

हे सांगून कुणाला पटणार नाही, आणि पटावं अशी सक्तीही नाही. पण त्या खिंडीत एकतीस वर्षं रविवारी बर्फाचा कणसुद्धा पडला नाही. शनिवारी कमरेएवढा पडे, सोमवारी तर दुप्पट पडे, मधल्या दिवशी मात्र आभाळ रजेवर. सरकारी वहीत तसं लिहिलेलं आहे, आणि सरकारी वही म्हणजे काही तुमच्याआमच्या गप्पा नव्हेत.

वही लिहिणारे ते काठीकाका. खिंडीच्या माथ्यावर खुणा केलेली एक काठी रोवलेली होती, तिच्या बुडाशी एक फळी. रोज सकाळी सहाला दोनशे चौदा पायऱ्या चढायच्या, रात्रीतून फळीवर किती बर्फ साचला ते काठीवर वाचायचं, फळी झाडून साफ करायची आणि आकडा वहीत लिहायचा, एवढीच काकांची नोकरी. आठवड्याचे सहा दिवस काका इमानेइतबारे चढत. सातव्या दिवशी पांघरुणातून एक हात बाहेर काढून ‘निरंक’ असं लिहीत आणि कूस बदलत. रविवारचा बर्फ सोमवारच्या बर्फाखाली गुपचूप मोजला जाई. यात कुणाचं काही अडत नव्हतं, कारण ती वही कुणी वाचतच नव्हतं.

मग वाचणारं कुणीतरी आलं. हवामानाचा आणि बर्फाचा अंदाज सांगायला कार्यालयाने कृत्रिम बुद्धिमत्ता आणली. ‘कृत्रिम’ म्हटलं तर वाईट वाटेल म्हणून सगळे तिला नुसतं ‘बुद्धी’ म्हणत. बुद्धीने एकतीस वर्षांच्या वह्या चार मिनिटांत फस्त केल्या आणि शोध लावला की रविवारी बर्फ पडत नाही.

मोठे साहेब तीन दिवस जमिनीवर नव्हते. कारण शोधायला समिती बसली. रविवारी कारखाने बंद, म्हणून धूर नाही; धूर नाही म्हणून ढगाला धरायला कण नाही; कण नाही म्हणून बर्फ नाही, असं समितीने चाळीस पानांत सिद्ध केलं. आसपास शंभर कोसांत कारखानाच नाही, हे बहुधा एकेचाळिसाव्या पानावर येणार होतं. माथ्यावर बसवलेल्या नव्या सेन्सरने एका रविवारी वीतभर बर्फ दाखवला, तर बुद्धीने सेन्सरच बिघडला असं ठरवून आकडा पुसून टाकला. दोन रविवारी गाड्या अडकल्या, त्या सोमवारच्या खाती दाखवण्यात आल्या. शेवटी फर्मान निघालं: रविवारी खिंड बेधडक खुली, पहारेकऱ्यांना सुट्टी.

काकांना मिळालं चौकटीतलं प्रशस्तिपत्र, ‘अचूक नोंदींबद्दल’. वर निवृत्तीनंतरही क्वार्टर न सोडता मानद सल्लागार म्हणून राहायची परवानगी. काकांनी चौकट भिंतीवर टांगली. चोरालाच बक्षीस मिळालं तर चोरी कबूल करायला जीभ कशी वळावी?

अशातच तो शनिवार आला. दुपारपासून पश्चिमेचा वारा सुटला होता आणि सातव्या वळणावरच्या कड्याला पुढे लोंबणारी बर्फाची मिशी फुटली होती. आणखी हातभर पडला की ती मिशी कड्यासकट रस्त्यावर येणार, हे ओळखायला काकांना वही लागत नव्हती. आणि रविवारी सकाळी सहाच्या बसने त्यांची लेक तान्ह्या नातीला घेऊन माहेरी यायला निघणार होती.

काकांनी फोन केला. “अगं, उद्या नको. मंगळवारी ये.”

“बाबा, उद्या रविवार आहे. तुमच्याच शोधावर अख्खी बस भरलीय आणि तुम्हीच कसले घाबरताय?” लेकीने हसत फोन ठेवला.

खिंड उघडी ठेवायची की बंद, हे बघणाऱ्या तरुण इंजिनिअर मॅडम शेजारच्याच क्वार्टरमध्ये राहत आणि संध्याकाळचा चहा काकूंकडे घेत. आताही त्या मांडीवर लॅपटॉप घेऊन बसल्या होत्या.

“मॅडम, उद्या खिंड बंद ठेवा,” काका म्हणाले.

“का हो काका?”

“माझा गुडघा दुखतोय.”

“बुद्धीत गुडघ्याचा रकाना नाही.”

खरं काय ते काकांच्या जिभेच्या टोकापर्यंत आलं आणि भिंतीवरची चौकट बघून मागे फिरलं. चौकटीबरोबर क्वार्टरही जाणार होतं. मग त्यांनी ठेवणीतली थाप काढली.

“मॅडम, एक रविवार असा उलटला होता. वारा हाच. मी काठीपाशी उभा. बर्फ कमरेला आला, मिशीला आला, डोक्यावरून गेला. छत्रीचा दांडा पोकळ म्हणून वाचलो, त्यातून श्वास घेत राहिलो. वरून एक कोल्हा चालला होता. त्याने दांडा हुंगला, तेवढ्यात मला शिंक आली. कोल्हा जो उडाला तो अजून खाली आलेला नाही.”

“तारीख?”

काकांनी सुचली ती ठोकून दिली. मॅडमनी लॅपटॉपवर वही उघडली. “त्या दिवशी तर निरंक लिहिलंय.”

“निरंकच असणार. वाऱ्याने सगळा बर्फ उचलून पलीकडच्या खोऱ्यात नेऊन ठेवला. फळी इतकी कोरडी, की तिच्यावर बसून मी दाढी केली.”

“म्हणजे पडला तरी रविवारी बर्फ टिकत नाही. हेच तर बुद्धी म्हणते.” त्यांनी ते भराभरा टाइप केलं. बुद्धीची खात्री नव्व्याण्णव टक्के होती, ती शंभर झाली.

मॅडमनी बस आगाराला फोन लावला. “हो, उद्याची सहाची सोडायची ना, तर...”

“थांबा मॅडम,” काका कळवळून म्हणाले, “मी पहाटेपासून त्या काठीला मिठी मारून उभा होतो. माझ्या डोळ्यांनी पाहिलंय. रविवारी, सकाळी सहाला.”

ओट्यापाशी मटार सोलत बसलेल्या काकूंनी इतका वेळ मान वर केली नव्हती. आता त्यांनी ताटली बाजूला ठेवली.

“सहाला? एकतीस वर्षांत रविवारी दहाच्या आत हा माणूस अंथरुणातून हललेला मी पाहिला नाही. फळी बघितलीच नाही कधी, मॅडम. निरंक लिहायला पेन मीच हातात द्यायचे. त्या बसवाल्यांना सांगा, उद्या गाडी काढू नका.”