मेहेंदळे वकिलांची पाटी

मी एक जुनी पितळी पाटी आहे आणि मित्रांनो, आधीच सांगून टाकते, मी भयंकर चिडलेली आहे. बुधवार पेठेत, इलेक्ट्रॉनिक्सच्या दुकानांशेजारच्या एका जिन्याच्या तोंडाशी माझा मुक्काम. ‘शरच्चंद्र मेहेंदळे, अ‍ॅडव्होकेट’ एवढेच माझ्यावर कोरलेले आहे.

तांबट आळीतल्या कारागिराने मला मन लावून घडवले. पण मेहेंदळे वकिलांनी मला लगेच भिंतीवर लावले नाही. बार कौन्सिलची सनद हातात येईपर्यंत मी कपाटात कापडात गुंडाळलेली होते. सनद म्हणजे वकिली करण्याचा परवाना. कायदा शिकलेल्या माणसाला तो त्याच्या एकट्याच्या नावाने मिळतो. अशिलाला फसवले, तर बार कौन्सिल त्याला जाब विचारते. वकीलसाहेबांना त्या जाबाचा धाक होता आणि म्हणूनच लोक मला बघून निर्धास्त वर जात. जाता-जाता कुणी माझ्यावरची धूळ पुसली की मला फार बरे वाटे.

मग वकीलसाहेब गेले. त्यांच्या मुलाने, अनिरुद्धने, मला काढले नाही. वडिलांची आठवण, असे तो म्हणाला आणि पेठेने त्याचे कौतुक केले. मीही भोळी, भरून पावले. अनिरुद्ध कॉम्प्युटर शिकलेला. हिंजवडीच्या कंपन्यांतली पोरे खोली भाड्याने घेत, त्यांचे करारनामे तो टाइप करून देई. तिथवर माझे काही म्हणणे नव्हते.

पुढे कौशल्याबाई आल्या. हिंजवडीच्या. त्यांच्या नवऱ्याचा बांधाचा खटला वकीलसाहेबांनीच लढवला होता. नवरा आता नव्हता, जमिनीला सोन्याचा भाव आला होता आणि दीर त्यांचा हिस्सा राहत्या घरासकट बिल्डरला विकायला निघाला होता. कोर्टाकडून मनाई मिळवली तरच घर वाचणार होते. बापाचे दुकान जसे मुलाकडे येते, तशी वकिलीही येत असेल, असे बाईंना वाटले. त्या सरळ अनिरुद्धला ‘वकीलसाहेब’ म्हणाल्या.

‘बाई, मी वकील नाही.’ एवढे एक वाक्य. ते त्याच्या तोंडून निघाले नाही. त्याने दावा टाइप केला, त्यावर बाईंची सही घेतली, तो त्यांच्याच नावाने कोर्टात दाखल केला आणि तारखेला तुम्ही यायची गरज नाही, मी बघतो, असे छातीठोक सांगितले.

त्याने बघितलेच. शिवाजीनगरच्या कोर्टात मागच्या बाकावर बसून बघितले. बाईंचे नाव पुकारले गेले, तेव्हा सनद नसलेल्या या गृहस्थाला उठून बोलता येईना. कुणीच हजर नाही म्हणून कोर्टाने दावा काढून टाकला. त्याच आठवड्यात बाईंच्या दारात जेसीबी आला.

हे मला कळले ते कौशल्याबाई पुन्हा जिना चढून आल्या तेव्हा. आवाज न चढवता त्या म्हणाल्या, “माझं नाव पुकारलं, आन् तुमी गप बसून ऱ्हायलात.”

“मला तिथं बोलता येत नाही, बाई. मी वकील आहे असं तुम्हाला कधी म्हणालो?”

“मग भायेर पाटी कुणाची हाय?”

“वडिलांची. आपण नीट वाचून यायचं होतं.”

“वाचता येतं मला. अ‍ॅडव्होकेट वाचलं, म्हणून तर वर आले. माझं घर पाडलं, अनिरुद्धभाऊ.”

अनिरुद्धने कॉम्प्युटरकडे तोंड फिरवले. मला त्या क्षणी भिंतीवरून सुटून त्याच्या टाळक्यात पडावेसे वाटले. बाईंनी नंतर सनद असलेल्या एक वकीलबाई गाठल्या. दावा पुन्हा उभा राहील म्हणे. घर कसे उभे राहणार?

आणि या निर्लज्जाने दुसऱ्याच दिवशी काय केले असेल? मला चिंच लावून घासूनपुसून लख्ख केले.

मित्रांनो, माझ्यासारख्या जुन्या वस्तू ‘आम्हांला जपा’ असे तुम्हांला विनवतात. मी उलटे सांगते आहे. माझा मालक गेला, त्याची सनद त्याच्याबरोबर गेली, आता मी नुसते खोटे बोलते. आत्ताच खराडीचे एक आजोबा कागदांची पिशवी घेऊन आले. त्यांनी मला वाचले, वहाणा जिन्याशी काढल्या आणि ते वर गेले. मला तोंड नाही, तुम्हांला आहे. त्यांना हाका मारा. आणि कुणाकडे स्क्रूड्रायव्हर असेल, तर मला खाली उतरवा.