वर्षालीच्या घरची खिरापत

आमच्या गल्लीत, म्हणजे अमरावतीच्या राजापेठेत, डबा रिकामा परत करायची पद्धत नाही. निदान मूठभर साखर तरी जाते. भुलाबाईच्या दिवसांत हा व्यवहार आणखी कडक. पोरी संध्याकाळी घरोघर जाऊन मातीच्या भुलाबाईपुढे गाणी म्हणतात, घरची बाई झाकलेला डबा हलवून दाखवते, आत काय आहे ते पोरी ओळखतात आणि खातात. ज्या घरची पोर दुसरीकडे खाऊन आली, त्या घरानं खिरापत करायचीच. कोणाकडून यायची राहिली हे शेजारच्या वच्छलामावशींना तोंडपाठ. त्यांच्या लेखी एकच खातं बंद पडलेलं, त्यांच्या भिंतीला लागून राहणाऱ्या कुलदीप आणि वर्षालीचं.

त्यांच्या आकांक्षाला लहानपणी रक्ताचा कॅन्सर झाला. नागपूरच्या खेपा झाल्या, उपचार संपले, त्यालाही आता वर्षं लोटली. पोरीच्या वेणीकडे पाहून मावशी आपल्या नातीला तेल लावायला बसवतात. डॉक्टरांनी सांगितलं, हिला सगळं चालतं. वर्षालीनं मान हलवली आणि घरी येऊन पाणी उकळायला ठेवलं. गल्लीतून आलेला डबा ती दोन्ही हातांनी घ्यायची, मागच्या दारी गाईला घालायची आणि साखर भरून परत करायची. मावशींना हे गाईमुळेच कळलं. ती त्यांच्या दारची शिळी पोळी नुसती हुंगून पुढे जायला लागली.

कुलदीप अकोल्याला नोकरीला. रोजची जा-ये. घरी आल्यावर अंगणातच कपडे बदलायचा, हातपाय धुवायचा आणि मग पोरीला दुरून विचारायचा, "काय म्हणते शाळा?"

औंदा आकांक्षाच म्हणाली, "आई, भुलाबाई आपल्या घरी बसव ना. मले कोणी बोलवतच नाही."

"काहून नाही बोलवत?"

"तू पाठवत नाही म्हून."

वर्षालीनं भुलाबाई आणली. गल्लीत कोणाचा विश्वास बसेना. पोरींना तिनं फाटकातच साबणानं हात धुवायला लावले, तेव्हा मावशी म्हणाल्या, "काय वं, खिरापत खाऊ घालून राहिली का ऑपरेशन करून राहिली?"

वर्षालीसुद्धा हसली.

गाणी रंगली. आकांक्षाला शब्द येत नव्हते. शेजारच्या पोरीच्या ओठांकडे पाहत ती सगळ्यांत मोठ्यानं गात होती. मग वर्षालीनं डबा आणून हलवला.

"चिवडा!"

"नाही."

"करंज्या!"

"तुझ्या मायनं केल्या का करंज्या?"

पोरी खिदळल्या. ओरडता ओरडता मावशींच्या नातीला, पिंकीला, खोकला आला.

वर्षालीचा हात थांबला. "कोण खोकललं?"

पोरी पिंकीकडे पाहायला लागल्या.

"ताप आहे का कोणाले? घरी कोणाले होता?"

"काकू, मी ओरडली म्हून..." पिंकी रडवेली झाली.

वर्षालीनं डबा खाली ठेवला, आकांक्षाचा दंड धरला, तिला आतल्या खोलीत नेलं आणि दार लावलं. आकांक्षानं काही न विचारता हात वर केला. वर्षालीनं तिच्या काखेत थर्मामीटर ठेवलं.

बाहेर मावशींचा आधी पारा चढला. मग त्यांनी बंद दाराकडे पाहिलं आणि हलकेच म्हणाल्या, "चला पोरीहो, आपल्याइथं म्हणा बाकीची गाणी."

कुलदीप आला तेव्हा पोरी फाटकातून निघत होत्या. तो न थांबता, पायातल्या बुटांसकट आत गेला.

"किती आहे?"

"काहीच नाही."

"मंग?"

"तवाही काहीच नव्हतं जी," वर्षाली म्हणाली. "जरासं अंग दुखे तिचं. मीच म्हटलं, नाटकं करते, पाठवा शाळेत."

कुलदीप पलंगाच्या कडेला बसला. "मी रोज एक गाडी सोडून देतो. नुसता बसून राहतो अकोल्याच्या स्टेशनावर. घरी गेल्यावर काय ऐकायले भेटन, म्हून."

इतक्या वर्षांत दोघांनी हे एकमेकांना सांगितलं नव्हतं. पोरीसमोर तर नाहीच.

शेजारी गाणं पुन्हा सुरू झालं. आकांक्षा एकदा बापाकडे, एकदा आईकडे पाहत होती.

"बाबा, मी जाऊ?"

कुलदीपनं वर्षालीकडे पाहिलं. ती हो म्हणाली नाही, नाहीही म्हणाली नाही. त्यानं बाहेरच्या खोलीतला डबा उचलून पोरीच्या हातात दिला. "जा. पळ."

ती पळाली. वर्षाली मागोमाग उंबऱ्यापर्यंत गेली आणि तिथंच थांबली.

"चाल, आपणबी जाऊ," कुलदीप म्हणाला.

"तुमी जा. मले नाही जमत."

तोही गेला नाही. शेजारून डबा हलवल्याचा जड, दबका आवाज आला. मग पिंकी किंचाळली, "उकडलेल्या शेंगा!" पोरींनी एकच गलका केला. मग सगळ्या खायला बसल्या आणि आवाज थांबला. वर्षाली चौकट धरून उभी होती. तेवढ्या शांततेत आपल्या पोरीचा श्वास ऐकू येतो का, ते ती पाहत होती.