पाचव्या रिळातलं हसू

मित्रांनो, मी एक जुनं रीळ आहे. तुमच्या काळात अख्खा चित्रपट खिशातल्या फोनमध्ये मावतो. आमच्या काळात त्याला सहा-सात पत्र्याचे डबे लागत आणि प्रत्येक डब्यात माझ्यासारखी एक लांबलचक फीत गुंडाळलेली असे. तिच्यावर ओळीने हजारो चित्रं. मी 'जरा धरा' नावाच्या विनोदी चित्रपटाचं पाचवं रीळ. हे नाव तुम्ही ऐकलेलं नसणार, त्यात तुमची काही चूक नाही. पण माझ्यात जो माणूस आहे त्याला तुमच्या घरातली मोठी माणसं नक्की ओळखतात. त्याचं नाव निघालं की ती अजून जरा सावरून बसतात.

तो तेव्हा कुणीच नव्हता. छापखान्यात काम करायचा, उंच होता म्हणून सगळे त्याला लांब्या म्हणत. आणि ज्यांनी मला जन्म दिला ते एका शाळेत चित्रकला शिकवायचे, म्हणून ते सगळ्यांचे मास्तर. मास्तरांना चित्रपट काढायचं वेड होतं. ना स्टुडिओ, ना मोठी माणसं. शाळेला सुट्टी लागली की ते आपल्याच इमारतीच्या जिन्यावर चित्रण करायचे. गोष्टही जिन्याचीच होती. एक सासरे आपल्या लेकीच्या घरी भलंमोठं लाकडी कपाट पोचवायला निघतात, जिना अरुंद असतो, आणि सगळी इमारत सल्ले द्यायला बाहेर येते. उचलायला मात्र दोनच हमाल. त्यातला मागचा हमाल म्हणजे लांब्या.

कपाट होतं मास्तरांच्या बायकोचं, म्हणजे मास्तरीणबाईंचं. त्यातले कपडे पलंगावर ओतून ते जिन्यात आणलं होतं. खरे शेजारी भाजीच्या पिशव्या घेऊन वर निघाले की चित्रण थांबायचं, कपाट भिंतीला लावायचं, त्यांना वाट द्यायची, मग पुन्हा उचलायचं. लांब्याचा खांदा सोलून निघाला. त्याला या कामाची फारशी हौस होती असंही नाही. मास्तरांनी त्याला लहानपणी शिकवलं होतं, आणि मास्तरांना नाही कसं म्हणायचं, म्हणून तो आला होता. निदान मास्तरांना तसं वाटायचं. ही गोष्ट लक्षात ठेवा, कारण पुढचं सगळं दुखणं इथूनच सुरू होतं.

पहिल्या चार रिळांत लांब्याचं तोंड धड दिसतच नाही. तो आपला कपाटामागे. प्रेक्षकांना दिसतात ते फक्त त्याचे पाय. माझ्यात तो पहिल्यांदा समोर येतो. कपाट जिन्याच्या वळणावर अडकलेलं असतं. सासरे, जावई आणि शेजारी हमरीतुमरीवर आलेले असतात. कुणाचं लक्ष नाही असं बघून लांब्या हळूच कपाटाचं दार उघडतो, आत पाय मुडपून बसतो आणि दार लावून घेतो. जरा आराम! भांडण मिटतं, सगळे मिळून कपाट उचलतात. सासरे घामाघूम होऊन म्हणतात, "मघाशी एवढं जड नव्हतं हो!" दोन पायऱ्या चढल्यावर दार आपोआप उघडतं आणि आत लांब्या.

ठरलं होतं असं की त्याने घाबरून उडी मारायची आणि हात जोडायचे. पण त्याने उडी मारली नाही. गुडघे हनुवटीला टेकलेले, तसाच बसून तो हसला. आधी डोळ्यांत, मग गालांत, मग सगळं अंग हलायला लागलं. फीत संपत आली होती, त्यामुळे पुन्हा घेण्याचा प्रश्नच नव्हता. तेच हसू माझ्या वाट्याला आलं. मित्रांनो, मी फुशारकी मारत नाही, पण एवढं मोकळं हसणारं माणूस दुसऱ्या कुठल्या रिळात असेल असं मला वाटत नाही.

मास्तर त्या वेळी कॅमेऱ्याच्या अगदी शेजारी, पायरीवर बसले होते. त्यांनाही हसू अनावर झालं होतं. पण आवाज नोंदला जाईल, दृश्य फुकट जाईल, म्हणून त्यांनी तोंडात रुमाल कोंबला आणि मान पार गुडघ्यात घातली. त्यामुळे त्यांनी ते हसू प्रत्यक्ष पाहिलंच नाही.

चित्रपटाची कापाकापी आणि जोडाजोडी मास्तरीणबाईंनी केली. भाड्याच्या खोलीत एक यंत्र होतं, त्याचा पडदा पोस्टकार्डाएवढा. त्यात माणसाचा चेहरा म्हणजे वाटाणा. बाई म्हणाल्या, "अहो, हा भलतीकडेच बघतोय इथे. कापून टाकू का?"

मास्तर म्हणाले, "राहू दे. हसू चांगलं आहे."

मी वाचलो.

मग आमचे चांगले दिवस आले. फार नाही, आठवडाभराचे सकाळचे खेळ. नव्याचे नऊ दिवस म्हणतात, आम्हाला तेवढेही मिळाले नाहीत. पण काय दिवस होते! तिकिटं फाडणारा माणूस दरवाजावरचा पहारा सोडून माझ्या वेळेला आत येऊन उभा राहायचा. कपाटाचं दार उघडलं की सगळं थिएटर खुर्च्यांवर हात आपटायचं. मास्तर पडद्याच्या कडेला, पडद्याकडे पाठ करून उभे असायचे. त्यांना चित्रपट बघायचा नव्हता, माणसांचे चेहरे बघायचे होते. मास्तरीणबाई वर यंत्राच्या खोलीत. आपण लावलेले जोड तुटतील या धास्तीने त्यांचा डोळा फितीवरून हलायचा नाही. आणि लांब्या गावातच नव्हता. त्याला एका बड्या निर्मात्याने बोलावून घेतलं होतं.

म्हणजे बघा, ज्या तिघांचं ते हसू होतं, त्या तिघांपैकी एकानेही ते मोठ्या पडद्यावर कधी पाहिलं नाही. तेव्हा माझ्या मनात हा विचार आला नव्हता. मला वाटलं होतं, आपले खेळ होतच राहणार.

लांब्या बघता बघता मोठा नट झाला. त्याने न्यायाधीश केले, सेनापती केले, करारी बाप केले. पडद्यावर हसणं त्याने सोडूनच दिलं. निर्मात्याने त्याला पहिल्याच दिवशी बजावलं होतं, की कपाटात बसलेल्या हमालाला कुणी सेनापती म्हणून घेणार नाही, तेव्हा ते विसरायचं. वर्तमानपत्रात त्याची पहिली मुलाखत आली. त्यात त्याने दुसऱ्याच चित्रपटाचं नाव आपला पहिला चित्रपट म्हणून सांगितलं होतं.

मास्तरांनी ती चहा पिताना वाचली. मग हसून म्हणाले, "बरोबर आहे त्याचं. त्याच्या वाटेत आपलं कपाट कशाला?"

त्यानंतर कुणी 'जरा धरा' मागायला आलं की ते सांगायचे, प्रत खराब झाली आहे. तेव्हा मी ठणठणीत होतो! मला फार राग यायचा. पण मास्तर रागावले नव्हते. लांब्याला अडचण होऊ नये एवढंच त्यांच्या मनात होतं. फक्त अधूनमधून, भाजी निवडता निवडता, ते बायकोला विचारायचे, "काय गं, त्या पोराला मजा आली असेल का तेव्हा? की नुसतं माझ्या भिडेखातर केलं त्याने?"

बाई म्हणायच्या, "विचारा ना त्यालाच."

"आता कसं विचारायचं? एवढा मोठा माणूस तो."

पुन्हा काही महिन्यांनी तोच प्रश्न, आणि तेच उत्तर.

बाकीची रिळं पलंगाखालच्या ट्रंकेत गेली. तिचं झाकण धड बसायचं नाही. माझ्यावर मात्र बाईंचा विशेष जीव, कारण माझ्यात लांब्या. त्यांनी माझ्या डब्याच्या झाकणाभोवती चिकटपट्टी गुंडाळली, डबा प्लॅस्टिकच्या पिशवीत घातला, ती पिशवी दुसऱ्या पिशवीत, आणि मला त्याच लाकडी कपाटात, वरच्या कप्प्यात, पांघरुणांच्या खाली ठेवलं. घराची साफसफाई निघाली की मला बाहेर काढून त्या जुन्या पट्टीवर नवी पट्टी लावायच्या, वरून हात फिरवायच्या आणि पुन्हा आत ठेवायच्या. तळहाताच्या फोडासारखं जपलं हो त्यांनी मला.

आणि त्या जपण्यानेच माझा घात केला. आम्हा फितींच्या अंगातून हळूहळू एक आंबट वाफ निघत असते. डब्याला फट असली, अधूनमधून कुणी रीळ सोडून पुन्हा गुंडाळलं, तर ती निघून जाते. कोंडून राहिली तर ती आम्हालाच खाते. मी आतल्या आत आंबत गेलो. माझं अंग आक्रसलं, वेटोळ्याला वेटोळं चिकटलं. बाहेरून बाई पट्टी लावत होत्या आणि आत मला ओरडता येत नव्हतं.

अशी किती वर्षं गेली कोण जाणे. मग लांब्याचा मोठा सत्कार ठरला. त्याच्या सगळ्या चित्रपटांतले तुकडे दाखवायचे होते. जुन्या फिती दुरुस्त करणाऱ्या एका बाईंनी कुठूनतरी 'जरा धरा'चं नाव शोधून काढलं आणि थेट त्यालाच विचारलं. तो म्हणाला म्हणे, "चला, मीही येतो."

एका दुपारी दोघं दारात उभे राहिले.

"मास्तर, ओळखलंत का?"

मास्तरांची नजर अधू झाली होती. ते म्हणाले, "आमच्या दारातून एवढं वाकून आत येणारा एकच माणूस होता. ये, लांब्या."

त्या नावाने त्याला कित्येक वर्षांत कुणी हाक मारली नसावी. तो खुर्चीवर न बसता मास्तरांच्या पायाशी जमिनीवरच बसला. म्हणाला, "मला वाटलं, तुम्ही रागावला असाल. मुलाखतीत मी तसं बोललो म्हणून. तोंड कसं दाखवायचं, म्हणून आलोच नाही."

"रागावतोय कशाला? मला वाटलं, तुला लाज वाटते. म्हणून मी तो कुणाला दाखवलाच नाही."

दोघंही हसले, पण ते हसणं काही फार वेळ टिकलं नाही.

मास्तरीणबाईंनी मला काढलं. मोठ्या दिमाखाने टेबलावर ठेवलं. "बाकीचे डबे कसेही पडलेत, पण याला मी वारासुद्धा लागू दिला नाही," त्या म्हणाल्या. पट्ट्या सोलता सोलता त्यांची नखं दुखायला लागली. शेवटी झाकण निघालं आणि खोलीभर आंबट वास पसरला. लांब्याने नाकाला रुमाल लावला. दुरुस्तीवाल्या बाईंनी हातमोजे घालून मला हलकेच चाचपलं. माझा एक पदरही सुटेना. ओढला तर तुकडा पडला.

"बाकीची रिळं मघाशी पाहिली, ती चांगली आहेत," त्या हळू आवाजात म्हणाल्या, "पण हे गेलं, काकू. याची दुसरी प्रत कुठे आहे का?"

दुसरी प्रत नव्हती. जिच्यावरून मला छापलं ती मूळ फीत ज्यांच्याकडे ठेवली होती त्यांचं दुकान केव्हाच बंद पडलं होतं.

"याला तर मी सगळ्यांत जास्त जपलं," बाई म्हणाल्या.

"हो ना. पण याला वारा हवा होता."

बाई त्या पट्ट्यांचा चिकट गोळा हातात घेऊन उभ्या राहिल्या. तो कुठे टाकावा हेही त्यांना सुचेना. मित्रांनो, मला माझं जे झालं त्याचं दुःख आहेच, पण बाईंचा तो चेहरा मला जास्त लागला.

मास्तर म्हणाले, "जाऊ दे गं. माणूस आलाय घरी, ते बघ." मग त्यांनी चाचपडत लांब्याच्या खांद्यावर हात ठेवला. "एक विचारू का रे? त्या कपाटात बसून तू हसलास ना, ते कशाला हसलास? सासऱ्यांचा चष्मा घसरला म्हणून ना?"

"चष्मा नव्हता घसरला," बाई म्हणाल्या. "पुढच्या हमालाचा पाय सटकला होता."

"अगं, तो आधीच्या दृश्यात!"

दोघांची चांगलीच जुंपली. शेवटी दोघांनी लांब्याकडे पाहिलं. मास्तरांनी आवाज खाली आणला. "मजा आली होती का रे तुला तेव्हा? खरं सांग. माझ्यासाठी म्हणून नको सांगूस."

लांब्याला खोटं बोलता आलं असतं. आयुष्यभर तेच काम केलं होतं त्याने, आणि झकास केलं होतं. पण मास्तरांपुढे त्याला ते जमेना. "खांदा दुखत होता एवढं आठवतंय, मास्तर," तो म्हणाला. "बाकी काहीच आठवत नाही. म्हणून तर बघायला आलो होतो."

मास्तरांनी मान डोलावली. "असू दे," ते म्हणाले. "चहा घेणार ना?"

मित्रांनो, काखेत कळसा आणि गावाला वळसा म्हणतात ते हेच. मास्तरांनी जन्मभर जो प्रश्न विचारला त्याचं उत्तर त्यांच्याच कपाटात, त्यांच्याच पांघरुणांखाली पडून होतं. मला ठाऊक आहे लांब्या कशाला हसला. सासऱ्यांच्या चष्म्याला नाही आणि हमालाच्या पायालाही नाही. दार उघडलं तेव्हा त्याने सगळी माणसं सोडून कॅमेऱ्याच्या शेजारी पाहिलं. तिथे मास्तर तोंडात रुमाल कोंबून, मान खाली घालून, गदगदा हलत होते. आपण मास्तरांना हसवलं हे त्याला कळलं आणि तो खुलला. मोठ्या पडद्यावर त्याची नजर कुठे गेली हे लहान पोरालाही दिसलं असतं, आणि तिथे कोण बसलं होतं हे या तिघांना ठाऊकच होतं. एकदा, फक्त एकदा कुणी मला यंत्रावर चढवलं असतं आणि तिघं शेजारी शेजारी बसले असते, तर कुणाला काही विचारावंच लागलं नसतं.

जपणं म्हणजे नुसतं झाकून ठेवणं नव्हे, हे मी फार उशिरा शिकलो. वस्तू असो की माणूस, अधूनमधून उघडून बघावं, विचारपूस करावी, वारा लागू द्यावा. समोरचा रागावला असेल, त्याला लाज वाटत असेल, असं आपलं आपणच ठरवून गप्प बसू नये. तुम्हाला कुणाकडे जायचं राहिलं असेल तर आजच जा.

माझं काम संपलं. दुरुस्तीवाल्या बाई मला उद्या घेऊन जाणार आहेत, कुठे ते मी विचारलं नाही. आत्ता मी टेबलावर उघडा पडलो आहे. लांब्या गेला, मास्तरीणबाई कप विसळत आहेत आणि मास्तर खिडकीपाशी बसले आहेत. ते इथून दोन हातांवर आहेत आणि मला तोंड नाही. तुम्हाला आहे. त्या घरावरून कधी गेलात तर जिना चढून वर जा आणि मास्तरांना एवढंच सांगा, की हो, त्याला खूप मजा आली होती.